अनुभव धागा: तुमची लाडकी फॅनफिक कोणती, आणि वाचकांनी कोणती डोक्यावर घेतली?

होम्स-वॉटसनवर फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर आपली गोष्ट, लिहायला लागून मला सात वर्षं झाली. त्यात जीव ओतून लिहिलेली एकच, मैवंदच्या लढाईवरची. वॉटसनला गोळी लागली ती २७ जुलै १८८० ची लढाई. मूळ लेखक डॉइलने पहिल्या कादंबरीत जखम खांद्याला दिली आणि दुसरीत पायाला नेऊन ठेवली. मला ती भानगड निस्तरायची होती. तीन महिने नकाशे पालथे घातले. बर्कशायर पलटणीबरोबर तिथे मुंबई ग्रेनेडियर्सही लढले होते हे कळल्यावर एक मराठी हवालदार कथेत आणला. अकरा हजार शब्द. कुडोज, म्हणजे वाचकांनी बटण दाबून दिलेली शाबासकी, मोजून नऊ, त्यातला एक बहिणीचा.

आणि ठाणे-दादर लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर खरडलेली दीड पानी गोष्ट: होम्स तापाने पडलाय, मिसेस हडसन सूप आणतात, तो खात नाही, वॉटसन वैतागतो. संपलं. तिच्यावर अजून कॉमेंटी येतात. 'रडले', 'पुन्हा वाचली'. अहो, कशावर रडलात?

तसं डॉइलचंही हेच. त्याला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या हेच खरं काम वाटायचं. १८९३ च्या डिसेंबरात होम्सला धबधब्यात लोटून तो मोकळा झाला, तर लोकांनी 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणीच बंद केली.

तुमचं काय? लिहा.

*

माझं मराठीतलं, फास्टर फेणेवरचं. भागवतांचा बन्या मी पन्नाशीचा केला. फुरसुंगीत टॉवर झालेत, सायकल गॅलरीत गंजतेय आणि बन्या गुडघ्याला पट्टा बांधून सकाळी चालायला जातो. याहून बरं मी काही लिहिलेलं नाही, असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. वाचक खवळले. 'आमच्या बन्यामागे बीपीच्या गोळ्या लावू नका!' एका काकांनी तर फर्मावलं, 'एकदाही ट्टॉक् नाही. हा फेणे नव्हेच.' तो मी मुद्दाम गाळला होता हो, काका. ट्टॉक् करणं त्याने कधी सोडलं हे त्यालाच आठवत नाही, अख्खी कथा त्यावरच होती.

रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी एक ठरावीक तपासकथा पाडली. चोर, सायकल, पाच ट्टॉक्. सगळे खूश.

*

आकडे मनाला लावून घेऊ नका. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर एका वाचकाला एका कथेला एकदाच कुडोज देता येतो, मग ती दीड पानाची असो की चाळीस प्रकरणांची. नवं प्रकरण टाकलं की कथा यादीत पुन्हा वर येते. एकदम पूर्ण टाकलेली बिचारी खाली सरकत जाते. शिवाय कुडोजच्या क्रमाने लावून वाचणारे गाजलेलंच आणखी गाजवतात. माझी सर्वाधिक वाचली गेलेली कथा बारा गुरुवार ओळीने येत राहिली, म्हणून वाचली गेली. चांगली नाही ती.

(हे सगळं कळूनही रोज आकडा बघते, ते सोडा.)

*

मी तर कथाच बेवारस केली. कॉलेजात लिहिलेली, हॅरी पॉटरमधल्या ल्युपिनवरची, पौर्णिमेला लांडगा होतो तो. दर तिसऱ्या वाक्याला पाऊस. नोकरी लागल्यावर तिची लाज वाटायला लागली. डिलीट करवेना, म्हणून 'ऑर्फन' केली: कथा राहते, आपलं नाव जातं, ते परत जोडता येत नाही.

गेल्या दिवाळीत सहज उघडली, तर खाली नव्या कॉमेंटी. एकीने लिहिलं होतं, आजारपणात ती दर पौर्णिमेला ही कथा वाचायची. लेखिका असेल तिथे सुखात असो. उत्तर देणार तरी कोण म्हणून? पूर्ण वाचून काढली मग. पाऊस तेवढाच आहे. वाईटच आहे हो.

*

माझ्या सर्वांत गाजलेल्या कथेत नायिकेचे डोळे दुसऱ्या प्रकरणात निळे आणि सहाव्यात तपकिरी आहेत. कुणी काही बोललं नाही. बीटा करणारी, म्हणजे टाकण्याआधी कथा तपासून देणारी मैत्रीणसुद्धा.

*

मी फक्त वाचणारी. तुमची मैवंदची कथा वाचलीय. अर्धी. बाळ झोपल्यावर एका हातात फोन धरून वाचते मी. लढाई चांगलीच असणार, पण मी बेकर स्ट्रीटच्या खोलीत जरा टेकायला आले होते आणि तुम्ही मला अफगाणिस्तानात नेलंत. सूपवाल्या गोष्टीत खोलीतच बसू दिलंत. कुडोजचं बटण शेवटाला असतं आणि तिथे पोचेपर्यंत माझा डोळा लागतो. बऱ्याच चांगल्या कथांवर झोपलेय मी. राग मानू नका.

*

मी राधेवर लिहिलं, कर्णाला वाढवणाऱ्या. अधिरथाशी तिची भांडणं, सूतांच्या घरातले दिवस, सगळं नीट बांधलेलं. मधे एक ओळ होती: पेटीतलं बाळ उचललं आणि राधेला पान्हा फुटला. मला ती भाबडी वाटत होती, काढणारच होते. पण ती माझी नव्हेच; उद्योगपर्वात कर्ण स्वतः कृष्णाला हे सांगतो, म्हणून राहू दिली.

प्रतिक्रिया आल्या त्या सगळ्या त्याच ओळीवर. एका बाईंनी लिहिलं, 'माझी मुलगी दत्तक आहे. मला दूध आलं नव्हतं. पण ओळ खरी आहे.' दोन दिवस उत्तरच सुचेना. शेवटी 'धन्यवाद' लिहिलं, आणि तेही चुकल्यासारखं वाटलं.

*

मी धागाकर्ती. अर्धी कथा वाचलेल्या ताईंना: हवालदार उरलेल्या अर्ध्यात येतो. एखाद्या रात्री तेवढं जागा.