मदत हवी आहे: बाबा ऑपरेशनऐवजी शेराचा चीक लावायचा म्हणतायत

आम्ही डिचोलीचे. बाबांचा (वय ७१) जन्म कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उन्हातान्हात गेला. नाकाशेजारी मोत्यासारखा चकचकीत फोड आला, खपली पडायची नि परत रक्त यायचं. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, निघाला. डॉक्टर म्हणाले, कापून काढू.

पण शेजारच्या काकांनी डोक्यात भरवलंय की कुंपणावरच्या शेराच्या झाडाच्या चिकाने कॅन्सर जळतो. मी शोधलं तर त्याच कुळातल्या एका छोट्या झुडपाच्या चिकातून इंजेनॉल मेब्युटेट नावाचं द्रव्य काढून खरंच जेल केलं होतं! २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली, पण उन्हाने येणाऱ्या कॅन्सरपूर्व खरबरीत चट्ट्यांसाठी. २०२० मध्ये युरोपात तेही मागे घेतलं, कारण लावलेल्या जागीच त्वचेचा कॅन्सर होण्याची भीती.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त 'औषध झालं होतं' एवढंच ऐकलं! डोळा बोटभर अंतरावर आहे, चीक उडाला तर काय?

कुणाच्या घरी नाकाजवळचं असं ऑपरेशन झालंय का? व्रण किती राहिला? फोटो दाखवता आला तर बाबा ऐकतील असं वाटतं. आणि हळदीचा लेप निदान ऑपरेशननंतर, टाके सुकल्यावर चालतो का, तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?