मदत हवी आहे: इब्न रुश्द आणि मार्सिलियस यांच्यातला फरक ग्रंथांमुळे की धर्मरचनेमुळे?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासवर्गात मध्ययुगातला धर्म आणि राजसत्ता हा विषय मला मांडायचा आहे. एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी.

मुस्लिम स्पेनमधला तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) स्वतःच सांगतो, की अॅरिस्टॉटलचं 'पॉलिटिक्स' हाती आलं नाही, म्हणून त्याने प्लेटोच्या 'रिपब्लिक'वर भाष्य लिहिलं. त्याआधी मुस्लिम तत्त्वज्ञ फाराबीनेही प्लेटोचाच धागा धरला होता. त्याच्या आदर्श नगरीचा प्रमुख तत्त्वज्ञही असतो आणि प्रेषितही. उलट युरोपात १२६०च्या सुमारास मोरबेकेच्या विल्यम या अनुवादकाने 'पॉलिटिक्स' लॅटिनमध्ये आणलं. ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ अक्वायनसने त्यावर भाष्य सुरू केलं. १३२४मध्ये इटलीतल्या पादुआच्या मार्सिलियस या विचारवंताने तर त्याच आधारावर लिहिलं, की कायदा करण्याचा अधिकार नागरिकांचा, पोपला दंडसत्ता (सक्ती आणि शिक्षा करण्याचा अधिकार) नाहीच! केवढं धाडस होतं ते.

मग इस्लामी आणि युरोपीय राजकीय विचारातल्या या फरकाचं श्रेय ग्रंथाच्या उपलब्धतेला द्यायचं का? मला ते पटत नाही. पोप आणि सम्राट यांचं भांडण जुनंच, कनोसाचा प्रसंग (राजा चौथा हेन्री पोपची माफी मागायला गेला तो) १०७७चा. चर्च ही राजापासून वेगळी, स्वतःची उतरंड असलेली संस्था होती. इस्लाममध्ये तशी संस्था नव्हती. तिथे प्रश्न शरियत आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्याचा होता, आणि इब्न रुश्दने तो काझी म्हणून, फिक्हच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) भाषेत सोडवला.

माझा हा युक्तिवाद कुठे लंगडा पडतो, कृपया स्पष्ट सांगा. फाराबीवर मराठीत काही चांगलं लिहिलेलं असेल तर तेही सुचवा.