मदत हवी आहे: आईआप्पांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, १३०० चा घ्यावा का ३१०० चा?

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, उद्या दुपारपर्यंत पैसे भरायचेत. आईआप्पा पहिल्यांदाच परदेशी चाललेत, टूरवाल्यानं इन्शुरन्सचे दोन प्लॅन पाठवलेत, एक माणशी १३०० चा अन एक ३१०० चा. दोन्ही पीडीएफ दोनदा वाचल्या पण मला काहीच समजना झालंय, सगळं सारखंच दिसायलंय. टूरवाला म्हणायलाय स्वस्तातला घ्या, व्हिसापुरता बास होतो. कोणता घेऊ तेवढं सांगा.

उदगीरकर:
भाऊ, कोणता देश? किती दिवस? वय किती? हे सांगितल्याबिगर कोण काय सांगणार.

देवगिरी२१:
मी दोनदा दुबईला जाऊन आलो, एकदाबी इन्शुरन्स काढला नाही. काही होत नाही. ते पैसे लेकरांच्या खाऊला ठेवा.

मांजराकाठ:
युरोप. पॅरिस अन स्वित्झर्लंड, १२ दिवस. आता सांगा कोणता.

बालाघाट:
देवगिरी, दुबईचं युरोपला लागू होत नाही. तिथं शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, अन त्याला इन्शुरन्स लागतोच, अन तोबी कमीत कमी ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, दवाखाना अन माणूस परत आणायचा खर्च धरून. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून एकच पॉलिसी दोन्हीकडं चालते. आता आपल्या कंपन्या कव्हर डॉलरमध्ये लिहितात, २५,००० डॉलरचा प्लॅन असेल तर तो व्हिसालाच कमी पडतो. ५०,००० डॉलरचा आहे का ते बघा. अन तारखा घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतच्या टाका, वर दोनचार दिवस जास्तीचे. इथून निघाल्यावर पॉलिसी काढतो म्हणलं तर बहुतेक कंपन्या देत नाहीत.

गोदाकाठ (नांदेड):
घरचा मेडिक्लेम असेलच ना, तो चालत नाही का? आमचा १० लाखाचा आहे.

बालाघाट:
ताई, साधा मेडिक्लेम बहुतेक करून भारतातल्याच उपचाराला असतो. पॉलिसीत परदेशाचं लिहिलं असेल तरच.

विमासल्लागार_बीड:
मी या धंद्यात १४ वर्षं आहे. ऑनलाइन कधीच काढू नका, क्लेमच्या वेळेला कोणी फोन उचलत नाही. ओळखीच्या माणसाकडूनच काढा.

उदगीरकर:
ओळखीचा माणूस काय पॅरिसच्या दवाखान्यात येणार आहे का? तिथं कंपनीच्या मदत नंबरलाच फोन लावावा लागतो, ऑनलाइन काढा नाहीतर एजंटकडून काढा. मी ऑनलाइनच काढतो, स्वस्त पडतं अन फॉर्म आपल्या हातानं भरता येतो.

विमासल्लागार_बीड:
स्वस्त म्हणून घेता अन मंग रडत येता आमच्याकडंच.

किल्लारीकर:
पासपोर्ट नसंल तर लातूरला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र झालंय, लांब जायची गरज राहिली नाही.

उदगीरकर:
दादा, पासपोर्ट आहे त्यांच्याकडं. मांजराकाठ, वय सांगा अन बीपी, शुगर, काही आजार?

मांजराकाठ:
आप्पा ६८, आई ६२. आईला काही नाही. आप्पांना बीपीची गोळी चालू आहे अन दोन वर्षांमागं अँजिओप्लास्टी झाली पण आता एकदम ठणठणीत आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात. टूरवाल्यानं फॉर्म स्वतःच भरून पाठवलाय, आजार नाही वर टिक केलंय, म्हणायलाय सांगितलं की प्रीमियम वाढतो नाहीतर पॉलिसीच देत नाहीत. ह्याचा काय संबंध पण?

परभणीची_ताई:
भाऊ, सगळा संबंध ह्याचाच आहे. आता थांबा अन हे पूर्ण वाचा. माझ्या सासऱ्यांचं हेच झालं. सिंगापूरला दिराकडं गेले होते, फॉर्म दुसऱ्यानं भरलेला, बीपी लिहिलेलाच नव्हता. आठव्या दिवशी छातीत दुखलं, ॲडमिट केलं. कंपनीनं इथल्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी मागवली, त्यावर सहा वर्षांपासूनची गोळी लिहिलेली, क्लेम नाकारला. वावराच्या पैशाची एफडी मोडून बिल भरलं आम्ही. सासरे वाचले, पण पुढं दोन वर्षं त्या माणसानं मान वर करून बोललं नाही घरात, माझ्यामुळं झालं म्हणायचे. त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून सांगायले, १३०० का ३१०० हे मागून बघा, आधी तो फॉर्म दुरुस्त करून घ्या.

विमासल्लागार_बीड:
ताईंचं बरोबर आहे, लपवू नका. पण नुसतं सांगितलं म्हणजे मिळतंच असंबी नाही. आधीच्या आजाराला बऱ्याच पॉलिसीत काहीच नसतं, काहींत फक्त जिवावर बेतलं तर अन तेबी ठरावीक रकमेपर्यंत. शिवाय ६० च्या पुढं काही प्लॅनमध्ये खोलीभाडं, सर्जनची फी ह्याला वेगळी मर्यादा असते, वर ५०,००० डॉलर लिहिलेलं असलं तरी. पीडीएफमध्ये हे दोनच भाग शोधा.

उदगीरकर:
हे मात्र पटलं.

गोदाकाठ:
सोबत काय द्यायलात? आम्ही धपाटे अन शेंगदाण्याची चटणी नेली होती, चांगली टिकली.

बालाघाट:
तूप, पेढे, खवा देऊ नका ताई, युरोपात बाहेरून दुधाचे अन मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आप्पांच्या गोळ्या मात्र जास्तीच्या द्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिकडं मिळत नाही.

मांजराकाठ:
आत्ताच आप्पांना विचारलं. ते म्हणले खोटं कशाला लिहायचं, माझ्या नावानं फॉर्म आहे अन मलाच दाखवला नाही का. टूरवाल्याला फोन केला, जरा वाजलंच आमचं. आता कंपनीच्या नंबरवर बोललो, स्वस्तातल्यात आधीच्या आजाराला काहीच नाही, ३१०० वाल्यात जीवघेण्या इमर्जन्सीला आहे पण मर्यादा आहे, किती ते ईमेलवर लेखी मागितलंय. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड पाठवायला सांगितलं. एक दिवस उशीर होईल, होऊ द्या.

परभणीची_ताई:
बरं केलंत. लेखी येईपर्यंत पैसे भरू नका. अन पॉलिसी नंबर, मदतीचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. आप्पांच्या खिशात नको. आप्पांना काही झालं तर फोन आईलाच लावायचाय, एकदा घरी त्यांच्याकडून लावून घ्या.