अनुभव धागा : पुढचं कंत्राट शोधायला नेमकं कधी लागावं?

आयटीत कंत्राटावर स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी हा धागा. फार लवकर विचारलं तर एजन्सीवाले 'मोकळे झालात की कळवा' म्हणून फोन ठेवतात, आणि उशीर केला तर घरी बसायची वेळ येते. आपबीती नको, हिशेब लिहा. किती आठवडे आधी, कशावरून ठरवायचं आणि घोडं कुठे अडतं?

उलटमोजणी

एजन्सीकडून येणारी कामं बहुतेक 'दोन आठवड्यांत रुजू व्हा' अशीच असतात. त्यामुळे बारा आठवडे आधी अर्ज टाकून हाती काही लागत नाही. ६ आठवडे उरले की सीव्ही नीट करून ओळखीच्यांना कळवावं, ४ आठवडे उरले की अर्ज सुरू. सीव्हीच्या पहिल्याच ओळीत उपलब्ध होण्याची तारीख लिहा. 'लवकरच उपलब्ध' असं मोघम लिहिलेलं कोणी वाचत नाही. नोकरीच्या पोर्टलांवर रिक्रूटर सहसा अलीकडे बदललेले सीव्ही आधी बघतात, म्हणून दर सोमवारी एखादी ओळ बदलून पुन्हा जतन करायची.

बँकेसारख्या ठिकाणी मात्र निवड झाल्यावरही पार्श्वभूमी तपासणी, लॅपटॉप, व्हीपीएन, लॉगिन यांत आणखी कित्येक आठवडे जाऊ शकतात. तिथे ८ ते १० आठवडे आधी लागावं.

अर्धविराम

त्याआधी मुदतवाढीचा सोक्षमोक्ष लावा. 'वाढेल हो, काळजी नको' ही बोलाचीच कढी. मॅनेजरला तुम्ही हवे असलात तरी पैसे मंजूर करणारा दुसराच असतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा : पुढच्या तिमाहीचं बजेट मंजूर झालंय का, आणि नवी पर्चेस ऑर्डर (कामाचा लेखी आदेश) कोणाच्या टेबलावर आहे? ६ आठवडे उरलेले असताना विचारा. ४ आठवडे उरले तरी कागद नसेल तर मुदतवाढ नाही असं धरून शोध सुरू करायचा. मागाहून कागद आला तर नव्यांना नम्रपणे नाही म्हणता येतं. सही केल्यावर मात्र नाही म्हणू नये, ती एजन्सी पुन्हा दारात उभं करत नाही.

नोटिशीचं कलमही वाचा. कित्येक करारांत क्लायंट एका आठवड्याच्या नोटिशीवर काढू शकतो, आणि तुम्हाला मात्र ४ आठवडे द्यावे लागतात. अशा करारात 'शेवटची तारीख' ही निव्वळ कागदावरची गोष्ट असते.

रोखठोक

सगळे कामाच्या तारखा मोजताहेत, पैशांच्या कोणी मोजत नाही. समजा काम ३१ मार्चला संपलं. शेवटचं बिल ३० दिवसांच्या मुदतीचं, म्हणजे पैसे ३० एप्रिलला. नवं काम १ मेला लागलं, बिल ३१ मेला गेलं, आणि नव्या क्लायंटची मुदत ६० दिवसांची निघाली. पहिले पैसे ३० जुलैला! रिकामं बसणं एका महिन्याचं, पण खात्यात ९१ दिवस काही येत नाही. त्यामुळे गंगाजळी मोजताना 'किती दिवस काम नसेल' यात नव्या बिलाचा काळ आणि मुदत मिळवा. बोलणी करताना दरावर अडून बसण्यापेक्षा पंधरवड्याला बिल मागणं कधीकधी जास्त फायद्याचं पडतं.

चाचणीवाला

भूमिकेप्रमाणे गणित बदलतं. बिझनेस ॲनालिस्ट प्रकल्पाच्या तोंडाशी लागतात, टेस्टर रिलीजच्या आधी. ईआरपीवाल्यांनी (कंपनीचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर आणणाऱ्यांनी) गो-लाइव्हची, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष वापरात येण्याची तारीख कामाचा शेवट म्हणून धरूच नये. ती पुढे सरकते, आणि सरकली नाही तरी नंतर हायपरकेअरचे, म्हणजे नव्या प्रणालीवर खास लक्ष ठेवायचे काही आठवडे असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी चेंज फ्रीझ (प्रणालीत बदल करायला बंदी) असतो आणि सह्या करणारे रजेवर. नोव्हेंबर अखेरीला हातात कागद नसेल तर जानेवारीच्या मध्यापर्यंत फारशी आशा धरू नका.

रोखठोक

आणखी एक. ६ महिन्यांचं काम म्हणजे साधारण १३० कामाचे दिवस. १० टक्के जास्त दरासाठी थांबलात, तर फायदा १३ दिवसांच्या मजुरीइतका. १३ कामाच्या दिवसांहून जास्त थांबलात की तोटा सुरू.

अर्धविराम

@रोखठोक, गणित बरोबर, पण अर्धवट. खाली उतरलेला दर पुढच्या कंत्राटात आडवा येतो. 'मागचा दर काय होता?' हा पहिलाच प्रश्न असतो. उतरायचंच असेल तर ३ महिन्यांच्या छोट्या कामासाठी उतरा, वर्षभरासाठी नको.

पाचवा_फोन

घाईत होणारी मोठी चूक म्हणजे एकाच जागेसाठी दोन एजन्स्यांकडून सीव्ही जाणं. तुमच्या नेमणुकीचं कमिशन कोणत्या एजन्सीला द्यायचं या भांडणात क्लायंट दोन्ही सीव्ही बाजूला ठेवतो. क्लायंटचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पाठवायची संमती देऊ नका, आणि एका तक्त्यात तारीख, एजन्सी, क्लायंट, सांगितलेला दर एवढं लिहीत जा.

एजन्सीला तीन प्रश्न विचारा : बजेट मंजूर आहे का, मुलाखती कोणत्या तारखांना आहेत, जागा नवी आहे की कोणी सोडून गेलंय? तिन्हींना 'बघून सांगतो' असं उत्तर आलं तर सीव्ही गोळा करणं चाललंय असं बिनदिक्कत समजा. कोणी सोडून गेलं असेल तर मात्र घाई खरी असते, तिथे दर थोडा ताणता येतो.

कोरा_कागद

शेवटच्या आठवड्याचं कोणी लिहिलं नाही. कंपनीचं ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं, आणि टाइमशीटची मंजुरी तिथेच अडकते. मंजूर टाइमशीट आदल्या दिवशीच उतरवून घ्या. शेवटच्या दिवसाचे तास आगाऊ भरायची परवानगी आधी मागून ठेवा. संदर्भ देणाऱ्या मॅनेजरचा बाहेरचा संपर्क आणि 'नाव देऊ का' ही परवानगी दोन आठवडे आधीच घ्यावी, कारण नव्या ठिकाणची तपासणी त्याच्या उत्तरावाचून पुढे सरकत नाही आणि तो नेमका तेव्हाच सुट्टीवर असतो.