मदत हवी आहे: पोकळ कॉपर सल्फाइडची कवचं फुटतात, आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) २८.५ अंशांना पाहुणा कोण?

नमस्कार मंडळी,

मटेरियल्स केमिस्ट्रीतलं कुणी असेल तर जरा हात द्या. पीएचडीचं दुसरं वर्ष आहे. आधी झिफ-६७ चे (कोबाल्टच्या सच्छिद्र संयुगाचे) जांभळे स्फटिक थायोॲसिटामाइडबरोबर इथेनॉलमध्ये तापवून पोकळ कोबाल्ट सल्फाइड करत होते. ते छान जमलं, म्हणूनच बहुतेक तो विषय दुसऱ्या मुलीकडे गेला आणि माझ्या वाट्याला तांबं आलं.

सध्या असं करते: कॉपर क्लोराइड ५५ अंशांवर, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, गडद तपकिरी झालं की ॲस्कॉर्बिक ॲसिड. तीन तासांत क्युप्रस ऑक्साइडचा विटकरी साका मिळतो. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) साधारण अर्ध्या मायक्रॉनचे घन, अगदी साखरेच्या खड्यांसारखे. मग पाण्यात सोडियम सल्फाइड ओतलं की काही सेकंदांत सगळं काळं, म्हणजे बाहेर सल्फाइडचं कवच. आतला ऑक्साइडचा गाभा काढायला लगेच त्यातच पातळ एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड), अर्धा तास सोनिकेटर (ध्वनिलहरींनी हादरे देणारं यंत्र), पाणी, इथेनॉल, ६० अंशांवर ओव्हन.

निम्म्याहून जास्त घन फुटक्या खोक्यांसारखे दिसतात. (आत पोकळ आहेत एवढं तरी कळलं!) एक्सआरडीच्या आलेखात कोव्हेलाइटची (मला हवं असलेलं कॉपर सल्फाइड, CuS) पीक, म्हणजे टोकं, २९.३, ३१.८ आणि ४७.९ अंशांना हवीत. मला मिळतात २८.५, ४७.४, ५६.३, शिवाय ३६.४ ला ऑक्साइडचं छोटं पीक. ४७.४ म्हणजे सरकलेलं ४७.९ असं मी सरांना सांगून पाहिलं, त्यांनी नुसतं बघितलं. आठवड्याभरात बाटलीतल्या पावडरीला कडेने हिरवट झाकही आली.

आणि मुळात ॲसिड लागतंच का? कर्केंडाल परिणामात तांब्याचे आयन बाहेर वेगाने येतात, सल्फाइडचा मोठा आयन आत हळू जातो, म्हणजे पोकळी आपोआप व्हायला हवी. २४ तास ठेवूनही गाभा जात नाही.

प्रतिसाद १

आधी सुरक्षेचं. सल्फाइड न धुता त्यात एचसीएल? हायड्रोजन सल्फाइड निघतो! वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं नव्हे, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) काम करा आणि ॲसिडआधी तीनदा तरी धुवा.

पाहुणा ओळखीचा आहे: क्युप्रस क्लोराइड. २८.५, ४७.४, ५६.३ ही त्याचीच तिन्ही पीक. पातळ एचसीएलमध्ये क्युप्रस ऑक्साइड पूर्ण विरघळत नाही, पांढरा क्लोराइड होऊन बसतो आणि दमट हवेत हिरवा पडतो. सरांचं बघणं बरोबर होतं.

ॲसिडऐवजी पातळ अमोनिया वापरा. गाभा विरघळतो आणि हवा लागली की द्रव निळा होतो, म्हणजे काम चाललंय ते डोळ्यांना दिसतं. पण रात्रभर ठेवू नका, हवेसोबत अमोनिया सल्फाइडही खातो. सोडियम थायोसल्फेट त्याहून सौम्य.

प्रतिसाद २

कर्केंडालबद्दल: १९४७ साली पितळ आणि तांब्याच्या सांध्यावर मॉलिब्डेनमच्या तारा ठेवून ते दाखवलं गेलं. २००४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल ॲलिव्हिसाटोस यांच्या गटाने कोबाल्टचे नॅनोकण त्याच वाटेने पोकळ केले, पण ते कण दहाएक नॅनोमीटरचे आणि द्रव चांगला तापलेला. तुमचा घन त्याच्या पन्नासपट, तोही गार पाण्यात. कवच जाड होत गेलं की तांब्याचा रस्ताच बंद होतो.

दुसरं, तुमचं तांबं एक-संयुजी आहे. त्यापासून आधी क्युप्रस सल्फाइड किंवा थोडं तांबं कमी असलेले प्रकार मिळतात. कोव्हेलाइटसाठी ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. तेव्हा क्लोराइड गेल्यावरही पीक जुळली नाहीत तर घाबरू नका, त्या प्रकारांची कार्डं (पीकच्या जागांच्या संदर्भ-याद्या) लावून बघा.

आणि तो सोनिकेटर! पातळ कवचाला अर्धा तास हादरे दिल्यावर दुसरं काय होणार? हाताने हलवा. सल्फाइडही एकदम ओतू नका, थेंबथेंब सोडा. बाटली जुनी असेल तर नवी फोडा, हवेत ते खराब होतं.

धागाकर्ती

बाटली २०१९ ची निघाली. आज अमोनियाने केलं: वीस मिनिटांत निळं, तिसऱ्या धुण्याला जवळपास बेरंग. सोनिकेटरला हात लावला नाही. एक्सआरडीचा नंबर गुरुवारी आहे, आलेख इथेच टाकते.