ज्यूंच्या छळाचा पाठ: ऑनलाइन संग्रहातलं काय दाखवायचं, काय टाळायचं?

नववी_ब
सोलापूर, मराठी माध्यम. 58 विद्यार्थी, 35 मिनिटांच्या दोन तासिका, एक प्रोजेक्टर, नेटचा भरवसा नाही. नाझी काळातला ज्यूंचा छळ संग्रहालयांच्या ऑनलाइन साहित्यातून शिकवायचाय. कडक शिक्षकाला पोरं ‘हिटलर’ म्हणतात आणि ‘पण शिस्त होती ना त्याची’ हे तर ठरलेलं वाक्य. सुरुवात कुठून करावी? छावणीतल्या मृतदेहांचे फोटो दाखवावेत का?

जुनी_कात्रणं
मृतदेह नकोत. पोरं एकतर मान फिरवतात, नाहीतर घरी जाऊन मोबाइलवर तेच शोधत बसतात. मेलेला माणूस कोण होता ते राहूनच जातं.

पहिल्या तासिकेला एकच वस्तू पुरते: जर्मन ज्यू माणसाचा पासपोर्ट. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात मिळतो. पाच मिनिटं काही न सांगता नुसता बघू द्या. आधी लाल शाईतला मोठा ‘जे’ (‘Jude’, म्हणजे ज्यू) दिसेल; हा शिक्का ऑक्टोबर 1938 पासूनचा. मग नाव वाचायला सांगा. बाईच्या नावात ‘सारा’, पुरुषाच्या नावात ‘इस्राएल’ घुसवलेलं असतं. ज्यांचं नाव सरकारी यादीतलं ‘ज्यू’ नाव नाही त्यांनी 1 जानेवारी 1939 पासून हे जोडायचं, असा हुकूम होता. त्यामुळे 1939 चा पासपोर्ट निवडा, दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसतात. आता विचारा, शिक्का मारला कोणी? साध्या कारकुनानं, शिस्तीत. तुमच्या त्या ठरलेल्या वाक्याला वेगळं भाषण लागत नाही.

नेटवर विसंबू नका. मोठ्या आकाराची फाइल आधीच उतरवून घ्या, सहा-सहाच्या गटासाठी दहा प्रती काढा. रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो ‘जे’ बाकीच्या शिक्क्यांत हरवतो.

तळटीप
दुसऱ्या तासिकेला ‘ऑशविट्झ अल्बम’, म्हणजे नाझींच्या ऑशविट्झ छावणीतले फोटो. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयाच्या साइटवर आहे. 1944 च्या उन्हाळ्यात हंगेरीतून गाड्या भरून आणलेल्या ज्यूंचे जवळपास 200 फोटो. त्यातला फलाटावरचा एकच घ्या: बायका-मुलांची एक रांग, पुरुषांची दुसरी, मागे उभी मालगाडी. ‘इथे तर सगळं शांत दिसतंय’ असं कुणीतरी म्हणणारच. तिथेच थांबा आणि विचारा, कॅमेरा कोणाच्या हातात आहे? एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या, माणसाच्या. मारहाण चौकटीत येत नाही ती म्हणून. रांगेतल्यांना पुढचं ठाऊक नाही. अशा गाड्यांतून उतरलेल्या बहुतेकांना काही तासांत गॅस चेंबरमध्ये मारलं गेलं.

मग नावं. याद वाशेमचा मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचा कोश आणि नाझी छळाची कागदपत्रं जपणारं जर्मनीतलं आरोलसेन आर्काइव्ह्ज, दोन्ही मोफत. पोरं इंग्रजी स्पेलिंग टाकून ‘सापडत नाही’ म्हणतात. एकाच आडनावाची जर्मन, पोलिश, हंगेरियन अशी वेगवेगळी रूपं असतात. गाव आणि जन्मवर्षही टाका. आणि छावणीचं नोंदकार्ड सापडलं नाही म्हणजे माणूस वाचला असं नव्हे. फलाटावरून थेट मारायला नेलेल्यांची छावणीत नोंदच झाली नाही. उलट जिथे मृत्यूची नोंद आहे तिथे ‘हृदयक्रिया बंद’ वगैरे कारणं सर्रास खोटी लिहिलेली. कार्डांवरची जर्मन संक्षिप्त रूपं भाषांतराच्या अ‍ॅपला झेपत नाहीत. आरोलसेनच्याच साइटवर कार्डाचा रकाना न् रकाना उलगडणारं मार्गदर्शक आहे.

नववी_ब
आभारी आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, ती जोडू का? आणि ‘तुम्ही रांगेत आहात अशी कल्पना करा’ असा उपक्रम?

जुनी_कात्रणं
वळिवडे जपून. तिथले सुमारे 5000 पोलिश बहुतेक कॅथलिक, सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडे हाकललेले आणि इराणमार्गे आलेले. युद्धातले निर्वासित म्हणून सांगा, ज्यूंच्या छळाचं उदाहरण म्हणून नको. महाराष्ट्रातले ज्यूच दाखवायचे तर कोकणातले बेने इस्राएल, आपले शनवार तेली (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली). ज्यू म्हणजे शेजारीपाजारी राहणारी माणसं, हे आधी कळलेलं बरं.

रांगेचा खेळ अजिबात नको. त्यात एकतर हसू, नाहीतर रडू, आणि ‘आम्हाला कळलं’ हा खोटा समज. वॉशिंग्टनचं म्युझियमही असे उपक्रम टाळायला सांगतं.

तळटीप
एक राहिलं. झेंडा दिसला की ‘आपलं स्वस्तिक’ निघतंच. दोन मिनिटांत उरका: नाझी त्याला हाकेनक्रॉइझ म्हणायचे, लाल झेंडा, पांढरं वर्तुळ, तिरकं काळं चिन्ह. यात अर्धी तासिका घालवली तर पासपोर्ट राहून जाईल.