विषय: रविवारच्या सभेचं खाणं (रोस्टर हवेत, आजच कळवा!)

प्रेषक: मीनल, खानपान

मंडळी,

रविवारच्या वार्षिक सभेच्या फ्लायरवर ‘ब्रंच 11:30’ असं छापलंय. ते मी लिहिलेलं नाही. आतापर्यंत 140 जणांनी येतो म्हणून कळवलंय आणि त्यातल्या 23 जणांनी विचारलंय, “मग जेवण किती वाजता?” जेवण नाही. 2 ला हॉल रिकामा करून द्यायचाय. पोहे, उसळ-पाव, दहीभात, शिरा, चहा. एकदाच.

आता खरी अडचण. तिथल्या किचनमध्ये फोडणी करू देत नाहीत, फक्त गरम करता येतं. केटरर 9 वाजता पोहे फॉइलच्या ट्रेमध्ये भरून देणार. अडीच तासांनी त्यांचं काय होतं ते पाडव्याला सगळ्यांनी खाल्लंय. कोणाकडे मोठे इलेक्ट्रिक रोस्टर (झाकणाची विजेची भांडी, अन्न तापवायला) आहेत का? दोन तरी हवेत.

---

प्रेषक: प्रसाद

फ्लायर मी केला. ‘नाश्ता’ लिहिलं असतं तर लोक 10 ला येऊन, खाऊन, ताळेबंद वाचायच्या आत पसार झाले असते. ‘जेवण’ लिहिलं असतं तर 1 ला उगवले असते. गेल्या खेपेला कोरमसाठी पार्किंग लॉटमधून माणसं धरून आणली होती, आठवतंय ना? म्हणून ब्रंच.

रोस्टर नाही.

---

प्रेषक: अरविंद

प्रसाद, शब्द चांगला निवडलास, पण निदान त्याचं घराणं तरी बघ. 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने ‘हंटर्स वीकली’त ब्रंचची चक्क वकिली केली. रविवारी चर्चहून आल्यावर ते जडजड जेवण कशाला, उशिरा उठा आणि दुपारच्या सुमारास एकदाच नीट खा, असं त्याचं म्हणणं. शनिवारी रात्री जागून मजा करणाऱ्यांचा त्याला फार कळवळा. चहा-कॉफीच्या जागी बिअर-व्हिस्कीही चालेल म्हणतो. शिवाय ब्रंच माणसाला बोलतं करतो आणि स्वतःवर व आजूबाजूच्यांवर खूश ठेवतो, असंही लिहून गेलाय. आपल्या सभेला तो कधी आलेला नाही, हे उघड आहे.

पुढच्याच वर्षी ‘पंच’ साप्ताहिकाने बारकावा सांगितला: ब्रेकफास्टच्या वेळेकडे झुकलं तर ब्रंच, लंचकडे झुकलं तर ब्लंच. त्या हिशेबाने आपलं 11:30 चं काय ते कमिटीने ठरवावं.

आणि अमेरिकेत हे रुजलं त्यात आपल्या शिकागोचा हात आहे, हे इथे तीस-तीस वर्षं राहूनही कोणाला माहीत नसतं. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कहून हॉलिवूडला जायचं तर इथे गाडी बदलावीच लागे. न्यूयॉर्कची ट्वेंटिएथ सेंच्युरी ट्रेन सकाळी लासाल स्ट्रीट स्टेशनला यायची आणि लॉस एंजेलिसची सुपर चीफ संध्याकाळी डिअरबॉर्न स्टेशनवरून सुटायची. मधला अख्खा दिवस नटनट्यांनी करायचं काय? हॉटेलात जाऊन उशिरा, आरामात खायचं. अँबॅसेडर ईस्ट हॉटेलातलं पंप रूम रेस्टॉरंट 1938 चं, त्याचं एक नंबरचं टेबल अशाच मंडळींसाठी असायचं. ब्रंचची प्रथा इथून पसरली असं सांगतात. डिअरबॉर्नचा घड्याळाचा मनोरा अजून उभा आहे, मुलांना एकदा दाखवून आणा.

---

प्रेषक: मीनल, खानपान

काका, रोस्टर आहे का?

---

प्रेषक: सुलभा

यात नवीन ते काय? आमचे बाबा रोज साडेनऊला वरण-भात-भाजी-पोळी जेवून 10:05 ची लोकल पकडायचे. आम्ही दहाची शाळा गाठायचो तीही जेवूनच. सकाळी फक्त चहा. ब्रेकफास्टही नाही आणि लंचही नाही, मग ते काय होतं? इंग्रजांनी नाव ठेवलं म्हणून ते त्यांचं झालं वाटतं!

शिरा मी आणतेय. 2009 पासून सभेचा शिरा मीच करते, मेनूमध्ये नुसतंच ‘शिरा’ लिहिलंय म्हणून सांगितलं.

---

प्रेषक: अरविंद

सुलभाताई, ते ब्रंच नव्हे, ते घाईचं जेवण. ब्रंचला आधी सुट्टी लागते. घड्याळाकडे बघत जेवणाऱ्याला ब्रंच कुठला? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीच मुळी 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवली म्हणून. बेरिंजरचा लेख त्यानंतर पाच वर्षांनी. तिकडे शनिवारची झिंग कशी उतरवायची याची चिंता, इकडे आठवड्यातला एक दिवस तरी भोंगा ऐकू येऊ नये म्हणून धडपड.

(रोस्टर होता. गराज सेलमध्ये गेला.)

---

प्रेषक: तन्मय

मुलांचा एक प्रश्न आहे. ब्रंच म्हटल्यावर अंडी असणार असं त्यांनी गृहीत धरलंय. नुसतं ऑम्लेट? आणि मोठ्यांसाठी मिमोसा (शॅम्पेनमध्ये संत्र्याचा रस)?

न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंटना रविवारी 12 च्या आधी दारू देता यायची नाही, 2016 मध्ये ती वेळ 10 वर आणली. त्या कायद्याला लोक सरळ ‘ब्रंच बिल’ म्हणतात. म्हणजे सरकारलाही पटलंय.

---

प्रेषक: प्रसाद

सरकारला पटलं असेल, सुलभाताईंना पटव.

---

प्रेषक: वैशाली

अंड्यांवरून आठवलं. माझा भाऊ हॉटेल लाइनमध्ये आहे. तो म्हणतो रेस्टॉरंटवाल्यांचं ब्रंचवर प्रेम का, तर अंडी, बटाटे, पाव, पॅनकेक, सगळा स्वस्तातला माल आणि बिल मात्र घसघशीत. वर किचन एरवी बंद असतं त्या वेळात चालतं. स्वयंपाकी मात्र वैतागलेले, कारण शनिवारी मध्यरात्रीपर्यंत राबून रविवारी सकाळी पुन्हा उभं राहायचं. शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनचा ब्रंचवर किती राग होता! शनिवारचं उरलंसुरलं रविवारी सॉस घालून खपवतात, असं तो उघड सांगायचा.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रविवारी अकराला शनिवारच्या पोळ्यांचा कुस्करा व्हायचा. कांदा चांगला लाल, पोळीचे तुकडे थोडे कढईला लागलेले, वरून दाण्याचं कूट, लिंबू. चौघं भावंडं कढईभोवती, खरवडीवरून मारामारी. मग दोनपर्यंत कोणाला भूक नाही आणि आईला ताट-वाट्या मांडायची कटकट नाही. याच्यासाठी हल्ली आम्ही तासभर रांगेत उभे राहून माणशी 30 डॉलर देतो.

---

प्रेषक: सुलभा

कुस्कऱ्यात कूट? आमच्याकडे नाही घालत.

---

प्रेषक: वैशाली

आमच्याकडे घालतात.

---

प्रेषक: हेमंत

मंडळी, माझ्याकडे एक रोस्टर आहे, शेजाऱ्याचा दुसरा आणू शकतो. पण थांबा. प्रत्येकी 1450 वॅट. त्या किचनच्या भिंतीवरचे दोन्ही प्लग एकाच 15 अँपियरच्या ब्रेकरवर आहेत, म्हणजे जेमतेम 1800 वॅट. दोन रोस्टर लावलेत की बत्ती गुल. कोजागिरीला मसाला दूध आणि कॉफी अर्न एकदम लावल्यावर अंताक्षरी अंधारात झाली होती ती यामुळेच. तेव्हा उगाच माझ्या स्पीकरला दोष दिलात.

एक रोस्टर किचनमध्ये, दुसरा स्टेजमागच्या प्लगवर. तिथला ब्रेकर वेगळा आहे, मी तपासलाय.

आणि पोहे आधीपासून एकत्र करूच नका. केटररला सांगा, कांदा-बटाट्याची फोडणी वेगळी द्या. 4 पाउंडवाली जाड्या पोह्यांची 6 पाकिटं घेऊ, म्हणजे 11 किलोच्या आत-बाहेर. इतर पदार्थ आहेत, पुरेल. सभा सुरू झाली की दोघांनी मागे जाऊन चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, 11 ला रोस्टरमध्ये फोडणी तापवायची, मूठ-मूठ मोकळे करत घालायचे आणि झाकण. मधे एकदा पाण्याचा हबका. मऊ राहतात, माझी गॅरंटी.

---

प्रेषक: मीनल, खानपान

हेमंतदादा, वाचवलंत. केटररशी बोलले. फोडणी वेगळी द्यायला तयार, पैसे तेवढेच घेणार म्हणे. असू दे.

फ्लायर बदलत नाही. खाली एक ओळ टाकलीय: “हेच जेवण आहे.” ऑम्लेट नाही. मिमोसा नाही. शिरा: सुलभाताईंचा (लिहिलंय).

चाळण्या दोन मोठ्या हव्यात आणि पोहे धुवायला सभेतून उठून येतील अशी दोन माणसं.

---

प्रेषक: प्रसाद

ताळेबंदाच्या वेळी उठायचं असेल तर मी येतो.

---

प्रेषक: तन्मय

मीपण.

---

प्रेषक: अरविंद

प्रसाद, तू खजिनदार आहेस.